मानवी जनुके, प्रथिने आणि पेटंट : प्रस्तावना

आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी, महादेवाच्या देवळाजवळच्या पाण्यात, बोटाएवढा एक मासा राहतो. २०२० साली शास्त्रज्ञांनी त्याचे ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नामकरण केले आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैविक विविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. याला आधार २००२ च्या जैविक विविधता कायद्याचा. सावंतवाडी तालुक्यातले मासे, बेडूक, रातांब्याची झाडे, मातीतले सूक्ष्मजीव आणि या सगळ्यांची जनुकीय सामग्री या कायद्याच्या छत्राखाली येते. परदेशी कंपनीला त्यातले काही संशोधनासाठी न्यायचे तर राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यावर पेटंट मागायचे तर पुन्हा परवानगी घ्यावी लागते, आणि लाभ झाला तर त्याचा वाटा देण्याचीही तरतूद आहे. मात्र याच कायद्यातल्या व्याख्येच्या शेवटी एक छोटी पुस्ती आहे: मानवी जनुकीय सामग्री यात धरलेली नाही.

म्हणजे आंबोलीच्या माशाच्या जनुकांना या कायद्याने जी राखण दिली, ती आंबोलीच्या माणसाच्या जनुकांना दिलेली नाही. वगळण्यामागचा हेतू चांगला होता. माणसाला वापरायच्या मालात मोजू नये, असा. जैवविविधता करारातल्या देशांनीही १९९५ साली हेच ठरवले होते. पण आपले रक्त रोजच गाव सोडून जाते. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या परिसरात माकडतापाने माणसे आजारी पडली, तेव्हा नमुने जिल्ह्याबाहेरच्या प्रयोगशाळांत तपासावे लागले. तपासणाऱ्यांनी जीव वाचवण्याचेच काम केले. तरी प्रश्न उरतोच: अशा नमुन्यातून उद्या एखादे उपयोगी जनुक किंवा प्रथिन हाती लागले, त्यावर रोगनिदानाची चाचणी किंवा औषध उभे राहिले, तर त्यावर हक्क कोणाचा? या प्रश्नाची उत्तरे पेटंट कायदा, संशोधनाची नैतिक नियमावली आणि न्यायालयांचे निकाल यांत विखुरलेली आहेत. ती एका जागी आणून मराठी वाचकापुढे ठेवणे हा या ग्रंथाचा उद्देश. वाचकाकडे विज्ञानाची वा कायद्याची पदवी असण्याची गरज नाही. स्वतःच्या शरीराविषयी कुतूहल असले की पुरे.

पायापुरते विज्ञान आधी सांगतो. जनुक म्हणजे डीएनएच्या लांब साखळीतला असा भाग, ज्यात एखादे प्रथिन कसे बांधायचे याची कृती नोंदलेली असते. शरीरातली बहुतेक कामे प्रथिने करतात. इन्सुलिन हे प्रथिन, हिमोग्लोबिन हे प्रथिन, जंतूंशी लढणारी प्रतिपिंडेही प्रथिनेच. कृतीत एका अक्षराचा फरक पडला तरी प्रथिन बिघडू शकते किंवा बनतच नाही. निदान करणारा ती कृती वाचतो, उपचार करणारा बहुधा प्रथिन पुरवतो, अडवतो किंवा बदलतो. वाचणे आणि घडवणे यांतला हा भेद मनात पक्का ठेवावा. पुढचा सारा वाद त्यावर उभा आहे.

या क्षेत्रातले आपल्या घरचे उदाहरण म्हणजे बॉम्बे रक्तगट. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद प्रसिद्ध केली. अशा माणसाच्या रक्तपेशींवर ‘एच’ नावाचा पायाभूत घटकच नसतो. ‘ए’ आणि ‘बी’ हे घटक याच पायावर उभे राहतात, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ दिसते. पण ‘ओ’ रक्तात ‘एच’ भरपूर असते, आणि ते या माणसाला चढवले तर जिवावर बेतते. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो. नोंदलेल्यांत महाराष्ट्रातली माणसे बरीच आहेत. पुढे १९९० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जॉन लो यांच्या गटाने ‘एच’ घटक तयार करणाऱ्या प्रथिनाचे जनुक वेगळे केले, आणि भारतीय बॉम्बे गटात त्या जनुकातले नेमके कोणते अक्षर बदललेले असते तेही नंतर उलगडले.

या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, ‘ओ’ दिसणारे रक्त खरोखर ‘ओ’ आहे का हे पडताळायला जिल्ह्याच्या रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाला कोणाचाही परवाना मागावा लागत नाही. अँटी-एच लेक्टिनचा थेंब टाकायचा आणि गुठळी होते का ते पाहायचे. मुंबईत लागलेला शोध जगाला मोकळा मिळाला आणि मोकळाच राहिला.

पेटंट म्हटले की मराठी वाचकाला हळद आठवते. जखमेवर हळद लावण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली ते लढवले आणि १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. माशेलकरांचे मूळ गाव माशेल सावंतवाडीला तसे जवळच, त्यामुळे इथे या लढ्याचा अभिमान अधिक. पण तो युक्तिवाद जनुकांना लागू पडत नाही. हळदीचा गुण आपल्या आज्यांना ठाऊक होता, म्हणून ‘यात नवे काही नाही’ असे म्हणता आले. जनुकाची अक्षरे कोणत्याच आजीला ठाऊक नव्हती. ती वाचायला बुद्धी, वर्षे आणि पैसा लागला. म्हणून इथे प्रश्न वेगळा पडतो: गोष्ट नवी कळली असली, तरी ती मुळात निसर्गाचीच असेल, तर कळवणाऱ्याला तिची मालकी मिळावी का?

याची खरी कसोटी स्तनाच्या कर्करोगात लागली. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवून दिले की काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या चालत येणाऱ्या या रोगाचे मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे. ते जनुक, बीआरसीए-१, १९९४ मध्ये युटामधल्या मिरियड जेनेटिक्स या कंपनीच्या आणि तिथल्या विद्यापीठाच्या गटाने वेगळे केले आणि त्यावर पेटंटे घेतली. बीआरसीए-२ वरही कंपनीने हक्क मिळवले. परिणामी अमेरिकेत ही तपासणी व्यवहारात एकाच कंपनीकडे करावी लागे. शुल्क तीन हजार डॉलरांच्या वर गेले. निकालाबद्दल शंका आली तर दुसरीकडे पडताळून घेण्याची सोय नव्हती. २००६ मध्ये किंग यांच्याच गटाने, रोगाने ग्रासलेल्या पण कंपनीच्या तपासणीत ‘निर्दोष’ ठरलेल्या ३०० कुटुंबांची फेरतपासणी केली, तेव्हा सुमारे १२ टक्के कुटुंबांत या जनुकांचे मोठे तुकडे गळलेले किंवा दुप्पट झालेले आढळले. चालू चाचणीच्या नजरेतून ते निसटले होते. ज्यांना रोगाचे मूळ प्रथम दिसले त्यांनाच रुग्ण स्त्रीला हा निकाल रीतसर देता येत नव्हता, हे वाचताना आजही संताप येतो.

२००९ मध्ये डॉक्टर, संशोधक, रुग्ण स्त्रिया आणि नागरी हक्क संघटना मिळून न्यायालयात गेल्या. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: निसर्गात असलेला डीएनए नुसता वेगळा काढल्याने पेटंटयोग्य होत नाही, प्रयोगशाळेत घडवलेला, मधले निरर्थक भाग वगळलेला पूरक डीएनए मात्र होऊ शकतो. त्याच सुमारास इतर प्रयोगशाळांनी कितीतरी कमी दरात तपासणी जाहीर केली. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीविरुद्ध कौल दिला. युरोपात मात्र १९९८ च्या निर्देशानुसार वेगळ्या काढलेल्या जनुकावर, त्याचा उपयोग दाखवल्यास, आजही पेटंट मिळते. सगळ्याच पेटंटधारकांनी दार बंद ठेवले असेही नाही. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचे जनुक १९८९ मध्ये टोरांटो आणि मिशिगन इथल्या गटांनी शोधले, पेटंट घेतले, पण चाचणीचे परवाने अनेकांना दिले. त्यामुळे ती चाचणी अनेक ठिकाणी होत राहिली.

भारतात ही लढाई त्या रूपात झाली नाही, कारण आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचे तिसरे कलम आधीच उभे होते. निसर्गात आढळणाऱ्या सजीव वा निर्जीव पदार्थाचा नुसता शोध पेटंटयोग्य नाही, असे त्याचे ‘सी’ उपकलम सांगते. माणसाच्या निदानाची वा उपचाराची पद्धतही ‘आय’ उपकलमाने वगळली आहे. पेटंट कार्यालयाच्या २०१३ च्या जैवतंत्रज्ञान मार्गदर्शिकेने निसर्गातून जसेच्या तसे वेगळे केलेले जनुक याच चौकटीत बसवले. तरी सीमारेषा धूसरच आहे. चाचणीची पद्धत वगळली, पण चाचणीचे किट पेटंटयोग्य असू शकते. गर्भवतीच्या रक्तातून गर्भाच्या जनुकांची माहिती मिळवण्याच्या पद्धतीवर हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीने अर्ज केला होता. त्या प्रकरणी २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला ‘निदान’ कशाला म्हणायचे याचाच बारकाईने खल करावा लागला.

प्रथिनांच्या बाबतीत माझे मत इतके कठोर नाही. १९२३ मध्ये इन्सुलिनच्या शोधकांनी आपले पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले, हे उदाहरण थोर आहे. पण आज एखादे प्रथिन औषध म्हणून घडवायचे, हजारो रुग्णांवर तपासायचे, शुद्ध स्वरूपात कुपीत भरायचे तर अवाढव्य खर्च येतो. तो करणाऱ्याला काही वर्षांचे संरक्षण मिळणे मला अन्यायाचे वाटत नाही. अन्याय होतो तो दाव्याची व्याप्ती फुगवली जाते तेव्हा. कोलेस्टेरॉलशी संबंधित पीसीएसके-९ या प्रथिनाला अडवणारी सगळीच प्रतिपिंडे आपली, असा अ‍ॅम्जेन कंपनीचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये फेटाळला, तो याच कारणाने: जेवढे घडवून दाखवले तेवढेच मागावे. स्तनाच्या कर्करोगावरचे ट्रॅस्टुझुमॅब हे प्रतिपिंड भारतात बहुतेकींना परवडण्यापलीकडचे होते. २०१३ मध्ये रॉश कंपनीने इथले पेटंट सोडून दिले आणि पाठोपाठ भारतीय बनावटीचे पर्याय आले. आणि पवई-परळची गोष्ट तर उभारी देणारी आहे. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोअ‍ॅक्ट यांनी रुग्णाच्याच प्रतिकारपेशींना ‘सीडी-१९’ हे प्रथिन ओळखणारा घडवलेला ग्राहक बसवून नेक्सकार-१९ हा रक्ताच्या कर्करोगावरचा उपचार तयार केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. खर्च परदेशी उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्श्याचा. तरीही तो कोकणातल्या सामान्य घराला पेलणारा नाही, हेही नोंदवले पाहिजे.

वाचकाने सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा भाग याहून पुढचा आहे. २०१३ च्या निकालाने मिरियडची जनुकांवरची पकड सुटली, पण वर्षानुवर्षांच्या तपासण्यांतून जमलेली, कोणता बदल घातक आणि कोणता निरुपद्रवी याची माहिती कंपनीने स्वतःजवळच ठेवली होती. तिला पेटंटची गरजच नव्हती. ही गोष्ट सावंतवाडीपर्यंत पोहोचते. इथल्या स्त्रीचे रक्त कलेक्शन सेंटरमधून कुरिअरने मोठ्या शहरात जाते आणि अहवालात लिहून येते, ‘बदल आढळला, अर्थ अनिश्चित’. तो अनिश्चित राहतो, कारण तुलनेसाठी असलेली माहिती बरीचशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. तिच्यासारख्या बायकांची माहिती खुली असेल तरच तिच्या अहवालाला अर्थ येईल. म्हणून दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाचा जीनोम इंडिया प्रकल्प आणि जानेवारी २०२५ मध्ये फरीदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली झालेली त्याची माहिती महत्त्वाची आहे. नमुना देणाऱ्याचे स्थान मात्र अजून दुबळेच आहे. कॅलिफोर्नियात जॉन मूर या रुग्णाच्या प्लीहेतल्या पेशींपासून डॉक्टरांनी पेटंट घेतलेली पेशीमालिका तयार केली. १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टरांनी आपला आर्थिक हितसंबंध उघड करायला हवा होता, पण काढून टाकलेल्या पेशींवर रुग्णाची मालकी नाही. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे संमती आणि लाभातला वाटा यांचा आग्रह धरतात. संमतीपत्र मराठीत, समजेल अशा शब्दांत आणि सही करण्याआधी वाचायला वेळ देऊन मिळावे, हा माझा आग्रह आहे. त्यात नमुना पुढे कोणाला दिला जाईल आणि त्यावर पेटंट घेतले तर काय, हे लिहिलेले असलेच पाहिजे.

नव्याने या क्षेत्रात येणाऱ्याने सुरुवात पेटंटचा एखादा मूळ दस्तऐवज वाचण्यापासून करावी. वर्णनाची पाने मागून वाचली तरी चालतील. आधी दावे वाचावेत. मालकी कशाची मागितली आहे ते तिथेच कळते. भारतीय अर्ज प्रसिद्ध झाले की पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. पेटंट कायद्याच्या २५ व्या कलमाने पेटंट मंजूर होण्यापूर्वी ‘कोणतीही व्यक्ती’ त्याला विरोध नोंदवू शकते. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिबला असाच विरोध केला होता. ते प्रकरण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रुग्णांच्या बाजूने संपले. क्षयरोगातून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह बेडाक्विलिन या क्षयरोगावरच्या औषधाच्या वाढीव पेटंटला विरोध केला आणि मार्च २०२३ मध्ये तो अर्ज नामंजूर झाला. मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी या विरोधावर शुल्क लावले आहे, आणि विरोध ऐकण्याजोगा आहे की नाही हे आधी पेटंट नियंत्रक ठरवतो. तरीही हा मार्ग खुला आहे, आणि सावंतवाडीत बसूनही तो वापरता येतो.