मत्स्यालयातील कोरिडोरास

कोरिडोरास हा दक्षिण अमेरिकेतील गोड्या पाण्यात आढळणाऱ्या लहान मार्जारमीनांचा गट आहे. सिल्युरिफॉर्मिस गणातील कॅलिक्थिइडी कुलात त्याचा समावेश होतो. हे मासे शांत स्वभावाचे, कळपाने राहणारे व प्रामुख्याने तळाशी वावरणारे असल्यामुळे मिश्र मत्स्यालयात, म्हणजे निरनिराळ्या जातींचे मासे एकत्र ठेवलेल्या टाकीत, ते जगभर पाळले जातात. टाकीचा तळ साफ ठेवणारे मासे म्हणून ते विकले जात असले, तरी प्रत्यक्षात अस्वच्छ तळाचा सर्वाधिक त्रास त्यांनाच होतो.

नाव व वर्गीकरण

कोरिडोरास ही प्रजाती फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी १८०३ मध्ये प्रस्थापित केली. नावातील पहिला भाग शिरस्त्राण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला असून तो या माशांच्या अस्थिमय कवचाकडे निर्देश करतो. पुढील काळात या प्रजातीत दीडशेहून अधिक जातींची भर पडली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्वर्गीकरणात त्यांची अनेक प्रजातींत विभागणी करण्यात आली. त्यानुसार कांस्य कोरिडोरास (कोरिडोरास एनियस) आता ऑस्टिओगॅस्टर प्रजातीत, ठिपकेदार कोरिडोरास (कोरिडोरास पॅलिएटस) हॉप्लिसोमा प्रजातीत, तर बटू कोरिडोरास (कोरिडोरास पिग्मियस) गॅस्ट्रोडर्मस प्रजातीत गणला जातो. मत्स्यपालकांमध्ये व बाजारात मात्र या सर्वांना कोरिडोरास किंवा कोरी हेच नाव रूढ आहे. या लेखातही ते याच व्यापक अर्थाने वापरले आहे.

ठिपकेदार कोरिडोरासचे नमुने चार्ल्स डार्विन यांनी बीगल जहाजावरील सफरीत गोळा केले होते. त्यांवरून लेनर्ड जेनिन्स यांनी १८४२ मध्ये या जातीचे वर्णन केले. कांस्य कोरिडोरासचे वर्णन थिओडोर गिल यांनी १८५८ मध्ये त्रिनिदाद बेटावरील नमुन्यांवरून केले.

आढळ

अँडीज पर्वताच्या पूर्वेकडील प्रदेशात, उत्तरेस त्रिनिदादपासून दक्षिणेस अर्जेंटिनातील ला प्लाता नदीच्या खोऱ्यापर्यंत हे मासे आढळतात. संथ वाहणारे ओढे, नद्यांचे उथळ काठ, पूरमैदानातील डबकी व पाणथळ जागा हे त्यांचे अधिवास होत. तेथील तळ बहुधा बारीक वाळूचा, मऊ गाळाचा किंवा कुजलेल्या पाचोळ्याचा असतो.

शरीररचना व वर्तन

बहुतेक जातींची लांबी ४ ते ७ सेंमी. असते. बटू कोरिडोरास सुमारे २·५ सेंमी. पर्यंतच वाढतो. शरीरावर खवल्यांऐवजी प्रत्येक बाजूस अस्थिपट्टांच्या दोन ओळी असतात. पाठीवरील व छातीजवळील परांचे पुढील काटे कणखर असून धोक्याच्या वेळी ते ताठ करून जागेवर अडकवता येतात. त्यामुळे कोरिडोरास गिळू पाहणाऱ्या मोठ्या माशाच्या घशात तो अडकून दोघांचाही मृत्यू ओढवू शकतो.

तोंड खालच्या बाजूस वळलेले असून त्याभोवती मिशांच्या (स्पृशांच्या) जोड्या असतात. स्पर्श व चव या दोन्ही संवेदना त्यांद्वारे मिळतात. मासा मिशांनी तळ चाचपतो, वाळू तोंडात घेतो, त्यातील कृमी, कीटकांच्या अळ्या व सूक्ष्म कवचधारी जीव वेचतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो.

कोरिडोरास अधूनमधून वेगाने पृष्ठभागाकडे झेपावून हवा गिळतात. ही हवा आतड्याच्या मागील भागात जाते. तेथील रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून प्राणवायू शोषला जातो व उरलेली हवा गुदद्वारावाटे बाहेर पडते. ही क्रिया स्वाभाविक आहे, परंतु तिची वारंवारता एकाएकी वाढल्यास पाण्यातील प्राणवायू कमी झाल्याची किंवा पाणी दूषित झाल्याची शंका घ्यावी लागते.

टाकीची रचना

एकाच जातीच्या किमान सहा माशांचा कळप आवश्यक मानला जातो. एकटादुकटा कोरिडोरास बुजरा बनतो, दिवसभर लपून राहतो व नीट खात नाही. मध्यम आकाराच्या जातींच्या अशा कळपासाठी ६० × ३० × ३० सेंमी. मापाची, म्हणजे सुमारे ५४ लिटरची टाकी ही किमान मर्यादा होय. हे मासे तळाशी वावरत असल्याने टाकीच्या उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे ठरते.

तळाचा थर बारीक, गुळगुळीत वाळूचा असावा. धारदार खडीमध्ये त्यांना वाळू चाळण्याची नैसर्गिक क्रिया करता येत नाही. शिवाय खडीच्या फटींत अन्नकण व विष्ठा साचून कुजतात. लपण्यासाठी लाकडाचे ओंडके, रुंद पानांच्या वनस्पती व काही मोकळी जागा असावी. हवा घेण्यासाठी पाण्याचा पृष्ठभाग मोकळा ठेवणे व पाणी आणि झाकण यांत अंतर राखणे गरजेचे असते.

पाण्याची गुणवत्ता

बहुतेक जातींना २२ ते २६° से. तापमान आणि ६ ते ७·५ सामू मानवतो. ठिपकेदार कोरिडोरासला याहून थंड पाणी चालते, तर स्टर्बा कोरिडोरास २८° से. पर्यंतच्या पाण्यात राहू शकतो. भारताच्या अनेक भागांत उन्हाळ्यात टाकीचे पाणी ३०° से. च्या वर जाते. अशा वेळी टाकी उन्हापासून दूर ठेवणे, पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडणे व वायुपंप चालू ठेवणे उपयुक्त ठरते, कारण पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो.

माशांच्या उत्सर्गातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे जीवाणू प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जीवाणू पुरेशा संख्येने वाढण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. त्यापूर्वी मासे सोडल्यास विषबाधेने ते दगावू शकतात. टाकी स्थिरावल्यावर दर आठवड्यास २० ते ३० टक्के पाणी बदलणे व नळीने तळाचा गाळ शोषून काढणे हा निगेचा मुख्य भाग असतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी नाहीसे करावे लागते.

‘सफाई करणारा मासा’ हा गैरसमज

कोरिडोरास इतर माशांची विष्ठा खात नाही व काचेवरील शेवाळही साफ करत नाही. तळाशी पडलेले थोडे अन्न तो टिपतो; त्याचा स्वतःचा उत्सर्ग मात्र टाकीत जमा होतच असतो. केवळ उरलेल्या अन्नावर ठेवलेले मासे हळूहळू रोडावतात. त्यांच्यासाठी तळाशी बुडणाऱ्या गोळ्या किंवा चकत्या द्याव्या लागतात. गोठवलेल्या रक्तकृमी, डॅफ्निया व आर्टेमिया हे पूरक अन्न होय. वरच्या थरातील चपळ मासे अन्न पळवत असल्यास दिवे मालवल्यानंतर खाणे घालणे सोयीचे ठरते.

गलिच्छ तळाचा परिणाम सर्वप्रथम मिशांवर दिसतो. जीवाणुसंसर्गामुळे मिशा झिजतात, आखूड होतात व कधी मुळापासून नष्ट होतात. मग माशाला अन्न शोधणे कठीण जाते. संसर्ग लवकर लक्षात येऊन तळ व पाणी स्वच्छ ठेवल्यास मिशा बऱ्याच अंशी पुन्हा वाढू शकतात.

सोबतचे मासे

निऑन टेट्रा, रासबोरा, लहान डॅनिओ व ओटोसिंक्लस यांसारख्या शांत माशांसोबत कोरिडोरास चांगले राहतात. मोठे व आक्रमक सिक्लिड, तसेच त्यांना गिळू शकतील असे मासे टाळावेत. गोल्डफिशही योग्य सोबती नाही. त्याचा आकार व उत्सर्ग दोन्ही अधिक असतात.

प्रजनन

निसर्गात अनेक जातींचे प्रजनन पावसाळ्याशी निगडित असते. टाकीत थोडे थंड, मृदू पाणी मोठ्या प्रमाणात बदलल्यास तशीच चालना मिळते. समागमाच्या वेळी मादी नराच्या शरीराच्या खालच्या बाजूस तोंड लावते. या स्थितीत दोघांचा आकार रोमन लिपीतील ‘टी’ अक्षरासारखा दिसतो. कांस्य कोरिडोरासची मादी शुक्रद्रव गिळते व ते आतड्यातून वेगाने पुढे जाऊन पोटावरील परांमध्ये धरलेल्या अंड्यांपर्यंत पोहोचते, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून देण्यात आले. त्यानंतर मादी चिकट अंडी काचेवर किंवा पानांवर चिकटवते. ती साधारण ३ ते ५ दिवसांत उबतात. पालक मासे अंडी खात असल्याने अंडी किंवा पालक यांपैकी एकास वेगळ्या टाकीत हलवतात.

हाताळणी व दक्षता

परांचे काटे जाळीत अडकतात व प्लॅस्टिकच्या पिशवीस भोक पाडू शकतात. म्हणून हे मासे भांड्याने उचलणे व वाहतुकीसाठी दुहेरी पिशवी वापरणे इष्ट असते. मीठ व ताम्रयुक्त औषधे जपून वापरावी लागतात.

नको झालेले मासे नदी, तलाव किंवा विहिरीत सोडू नयेत. मत्स्यालयांतून बाहेर पडलेले दुसऱ्या कुलातील ‘सकर’ मार्जारमीन भारतातील अनेक जलाशयांत पसरले असून स्थानिक माशांना व मच्छीमारांच्या जाळ्यांना त्यांचा उपद्रव होतो. योग्य निगा राखल्यास कोरिडोरास ५ ते १० वर्षे, काही वेळा त्याहूनही अधिक काळ जगतो.