बर्फाशिवायची नदी : अमरकंटक ते जबलपूर

मी जबलपूरहून बोलतोय. नर्मदेचं पाणी बाराही महिने आमच्या ग्वारीघाटावरून वाहतं. गंगेच्या मागे हिमालयाचा बर्फ उभा आहे. नर्मदेच्या मागे काय आहे? आजचा विषय तोच.

नर्मदेचा उगम अमरकंटकला, मैकल डोंगरांत, हजार मीटरहून थोड्या अधिक उंचीवर. थंडी तिथं कडक पडते, कधीकधी पहाटे गवतावरचं दंवही गोठतं. पण बर्फाचा साठा नाही. याच पठाराच्या परिसरात शोण आणि जोहिला या नद्याही निघतात. शोण गंगेला मिळते, तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. नर्मदा मात्र विंध्य आणि सातपुडा यांच्यामधल्या खचलेल्या खोऱ्यातून १३१२ किलोमीटर वाहत अरबी समुद्र गाठते. वाटेत तिचा थोडा काठ आपल्या नंदुरबार जिल्ह्यालाही लाभला आहे.

इकडची लोककथा सांगते, की नर्मदेचं लग्न शोणभद्राशी ठरलं होतं. तिनं दासी जोहिलेला निरोप घेऊन पाठवलं, आणि तो जोहिलेलाच भुलला. रागावलेली नर्मदा पाठ फिरवून पश्चिमेला निघाली. आता नकाशा उघडा : जोहिला खरोखरच शोणला जाऊन मिळते. ज्यांच्याकडे नकाशे नव्हते, त्यांनी जलविभाजक गोष्टीत घालून जपला.

राज्यकर्त्यांनी मात्र हा मुलूख मिळकत म्हणून पाहिला. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचं गोंड राज्य संपवलं. नंतर हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला. डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतलं. १८५७ च्या उठावात साथ दिली म्हणून इंग्रजांनी रीवाच्या महाराजांना सोहागपूर-अमरकंटकचा मुलूख दिला. एका नदीचा उगम असा बक्षिसात गेला!

मग उन्हाळ्यात नर्मदेला पाणी कुठून येतं? उत्तर पायाखाली आहे. अमरकंटकच्या माथ्यावर काळ्या बसाल्ट खडकावर जांभा दगडाचा थर आहे. जांभा सच्छिद्र, म्हणून पावसाचं पाणी त्यात मुरतं. वर सालाचं जंगल. त्याचा पालापाचोळा धावतं पाणी अडवतो. मुरलेलं पाणी पुढे महिनोन् महिने झऱ्यांतून पाझरतं. हिमालयाच्या नद्यांना जो आधार बर्फ देतो, तो नर्मदेला हा दगड आणि हे जंगल देतात. वाटेत मिळणाऱ्या उपनद्याही अशाच जंगलांतून येतात.

अडचण अशी, की त्याच जांभ्याच्या थरात बॉक्साइट आहे, ज्यापासून ॲल्युमिनियम बनतं. अमरकंटकच्या परिसरात त्याचं खाणकाम झालं आहे. थर खरवडला, की पाणी धरून ठेवणारी जागाच जाते. झाडं पुन्हा लावता येतात. जांभा तयार व्हायला लाखो वर्षं लागतात. २००५ मध्ये अचानकमार-अमरकंटक जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर झालं, ही चांगली गोष्ट. पण नकाशावर रेघ ओढल्यानं पाणी मुरत नाही.

आमच्या शहराच्या वर १९९० मध्ये पूर्ण झालेलं बरगी धरण आहे, त्यामुळे जबलपूरकर निर्धास्त असतात. पण धरण पाणी साठवतं, निर्माण करत नाही. तेव्हा परिक्रमेला याल, उगमकुंडाला नमस्कार कराल, तेव्हा भोवतालच्या सालवनाकडेही बघा. नर्मदेचा हिमालय तोच आहे.

नर्मदे हर!