सोय कोणाची?



माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. कोकणातील आपल्या वडिलार्जित घराच्या परड्यात त्यांनी चार खोल्या बांधल्या असून त्या प्रवाशांस भाड्याने द्यावयाचा त्यांचा विचार आहे. परवा ते मला म्हणाले, "मास्तर, कोणकोणत्या सोयी ठेवाव्या म्हणजे सर्व तऱ्हेचे पाहुणे येतील?" आणि लागलीच आवाज खाली आणून पुढे म्हणाले, "मात्र आडनाव विचारूनच खोली द्यावी म्हणतो." मी जन्मभर मुलांस इतिहास शिकविला, व्यवहारातले मला थोडेच कळते. तथापि या दोन्ही गोष्टींचे उत्तर इतिहासात सापडते, ते आज आपणांपुढे ठेवितो.

प्रथम धर्मशाळा घ्या. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या आपल्या कारकीर्दीत ठिकठिकाणच्या तीर्थक्षेत्री घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधविल्या. त्या काळचा यात्रेकरू बहुधा पायी येई, शिधा बरोबर बाळगी व स्वयंपाक स्वहस्ते करी. त्याला डोक्यावर छप्पर, जवळ पाणी आणि तीन दगडांची चूल मांडण्यापुरती जागा मिळाली म्हणजे झाले. खाटगादीचे त्याला अगत्य नव्हते. पाहुण्याची रीत ओळखूनच ही सोय केलेली होती.

आता माथेरानकडे वळू. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हा डोंगर प्रकाशात आणिला; पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी तेथे घर बांधिले. साहेब येई तो उन्हाळाभर राहावयास, आणि लवाजम्यासह. म्हणून बंगल्याला रुंद व्हरांडा, मागे नोकरांच्या खोल्या आणि घोड्यांची पागा ही हवीच. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधविलेली नेरळ-माथेरान आगगाडी सुरू झाली आणि चार दिवसांकरिता येणाऱ्या मुंबईकराची वाट सुकर झाली. त्याच्याजवळ ना घोडा, ना खानसामा. त्याला पागेचा काय उपयोग? त्याला हवे तयार अंथरूण आणि आपल्या चवीचे दोन वेळचे जेवण. डोंगर तोच, हवा तीच. पाहुणा बदलला, तशी सोय बदलावी लागली.

मुंबईत जमशेटजी टाटांनी याच्याही पुढचे पाऊल टाकिले. १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलेल्या ताजमहाल हॉटेलात विजेचे दिवे, लिफ्ट, अमेरिकेहून आणविलेले पंखे आणि तुर्की पद्धतीची न्हाणीघरे होती. आरंभी पाहुणे अगदी थोडे होते. पण जगाच्या पाठीवर फिरणारा प्रवासी उद्या मुंबईस उतरेल, हे ओळखून ती तयारी आधीच करून ठेविली होती.

इथपर्यंत झाला सोयींचा इतिहास. आता गैरसोयीचा ऐका.

१९१७ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर अमेरिका व इंग्लंड येथील अध्ययन करून बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले. अस्पृश्य म्हणून त्यांना उतरावयास जागा मिळेना. अखेरीस पारशी लोकांच्या एका उतारशाळेत, पारशी नाव नोंदवून, दिवसास दीड रुपया भाड्याने ते राहिले. माडीवर निजावयाची लहान खोली होती, लागून न्हाणीघर होते, नळाचे पाणी होते. म्हणजे सोय होती! पण अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. गाडीची वेळ होईतो त्यांनी बडोद्याच्या एका सार्वजनिक बागेत वेळ काढिला. एवढ्या विद्वान पुरुषाला त्या नगरीत राहावयास एक खोली मिळू नये!

२६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने धर्म, जात वगैरे कारणांवरून कोणासही उपाहारगृहात अथवा हॉटेलात मज्जाव करण्यास मनाई केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या सबबीवर धर्मशाळेचे वा सराईचे दार बंद करणे हा गुन्हा ठरविला. परंतु टेलिफोनवर आडनाव ऐकून "खोली रिकामी नाही" असे सांगणारी जीभ कायद्याच्या हाती लवकर सापडत नाही.

मी त्या गृहस्थांस म्हणालो, "सर्वांना सर्व पुरविण्याच्या खटपटीत पडू नका. चारही खोल्या एकसारख्या कशाला? एक तळमजल्यावर, कठड्याची व बसून स्नान करता येईल अशी वृद्धांकरिता ठेवा. एकीत लेकुरवाळ्यांसाठी लहानशी चूल व भांडी असू द्या. एकीत टेबल, चांगला दिवा आणि इंटरनेट, म्हणजे काम घेऊन येणारा तरुण आठ दिवस राहील. चौथी साधी आणि स्वस्त, पायी भटकणाऱ्या विद्यार्थ्यांची."

"आणि आडनावाचे?" त्यांनी विचारिले.

मी त्यांना बडोद्याची हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग मी म्हटले, "नोंदवहीत पाहुण्याचे नाव लिहावे लागते, ते अवश्य लिहा. पण आधी खोलीची किल्ली त्याच्या हाती द्या, आणि मग वही उघडा."