तळटीप : 'बॅक्टेरिओफाज'
* बॅक्टेरिओफाज : जिवाणूंचा फडशा पाडणारे विषाणू. ग्रीक 'फागेइन' म्हणजे खाणे. प्रत्यक्षात हा विषाणू काही खात नाही. तो जिवाणूच्या कवचाला चिकटतो, आपले जनुकद्रव्य आत सोडतो आणि त्याच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. पुष्कळदा अर्ध्या-पाऊण तासात जिवाणू फुटतो आणि नवे फाज बाहेर पडतात. हे नाव पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील फेलिक्स देरेल यांनी १९१७ साली दिले. त्यांचे सहकारी ग्योर्गी एलिआवा यांनी १९२३ मध्ये तिबिलिसीत स्थापलेल्या संस्थेत आजही फाजने उपचार होतात. खुद्द एलिआवांना मात्र १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने ठार केले. पेनिसिलिन आल्यावर पश्चिमेकडे ही वाट ओस पडली. प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू बळावल्यावर तिची पुन्हा आठवण झाली. मुख्य अडचण अशी की, एक फाज ठरावीक जिवाणूंनाच ओळखतो. म्हणून रोग्याच्या अंगातले जिवाणू आधी काचेच्या बशीत वाढवतात. त्यांच्या दुधट थरावर ज्या फाजचा थेंब टाकल्यावर स्वच्छ, पारदर्शक ठिपका उमटतो, तो फाज कामाचा. — संपा.