धन-ऋणाची खूण

रेझिस्टरवर कुठे + किंवा − छापलेले नसते. तरी सर्किट सोडवताना त्याचे एक टोक धन आणि दुसरे ऋण मानावे लागते. ते ठरवायचे कसे, इथेच मुले अडखळतात. या खुणांचे मूळ १७४७ सालच्या फिलाडेल्फियात आहे.

तिथे दोन माणसे मेणावर उभी केली. पहिल्याने काचेची नळी हाताने घासली, दुसऱ्याने नळीजवळ बोट नेऊन तिच्यातली वीज घेतली. मग जमिनीवर उभ्या तिसऱ्याने दोघांपैकी कुणाकडेही बोट नेले, तरी ठिणगी उडे. काचेची वीज वेगळी आणि राळेची वेगळी, असे फ्रेंच संशोधक द्यु फे याने १७३३ मध्ये सांगितले होते. बेंजामिन फ्रँकलिन म्हणाला, वीज एकच. पहिल्याची घटली, दुसऱ्याची वाढली. वाढली ती धन, घटली ती ऋण. सगळा जमाखर्चच! आपले शब्दही त्याच घरचे: ब्रह्मगुप्ताने ६२८ साली बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले ते धन आणि ऋण, म्हणजे संपत्ती आणि कर्ज, याच नावांनी.

१८४५ मध्ये कोनिग्सबर्गचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी गुस्टाव्ह किरखॉफ याने हा हिशेब सर्किटला लावला: बंद मार्गाने एक फेरी मारली की व्होल्टेजची बेरीज शून्य. ९ व्होल्टची बॅटरी घ्या. तिला १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर एकापुढे एक जोडा. प्रवाह ३ मिलिअँपिअर. तो बॅटरीच्या धन टोकातून निघतो, रेझिस्टरमध्ये शिरतो ते टोक धन, बाहेर पडतो ते ऋण. पहिल्यावर ३ व्होल्ट, दुसऱ्यावर ६. नऊ मिळाले, नऊ खर्च झाले.

१८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. फ्रँकलिनच्या हिशेबाने तो ऋण ठरला, म्हणजे तारेतले इलेक्ट्रॉन आपण प्रवाहासाठी काढतो त्या बाणाच्या उलट धावतात. तरी खुणा बदलाव्या लागल्या नाहीत, कारण सारे नियम त्याच खुणांवर उभे होते आणि उत्तरे बरोबर येत होती.

म्हणून गुंतागुंतीच्या सर्किटमध्ये प्रवाहाची दिशा कळत नसेल, तर बेधडक एक धरा, तिच्यावरून खुणा करा आणि शेवटपर्यंत त्या बदलू नका. उत्तर ऋण आले तर आकडा बरोबरच असतो, फक्त दिशा उलटी असते.