भावना व आहार

व्यक्तीची भावनिक अवस्था आणि तिचे खाणे यांतील परस्परसंबंध. या विषयात दोन प्रश्न येतात : भावनेमुळे भूक, खाण्याचे प्रमाण व पदार्थांची निवड यांत काय फरक पडतो, आणि खाल्ल्याने किंवा उपाशी राहिल्याने मनःस्थिती कशी बदलते. भूक नसताना केवळ मनाच्या अस्वस्थतेपोटी खाण्यास ‘भावनिक खाणे’ म्हणतात. दुःखाने अन्नावरची वासना उडणे किंवा धास्तीने घास न उतरणे ही त्याच विषयाची दुसरी बाजू होय. एकच भावना एकाची भूक मारते, तर दुसऱ्याला फराळाच्या डब्याकडे नेते. हा फरक भावनेच्या प्रकारापेक्षा व्यक्तीच्या खाण्याच्या पूर्वसवयींवर बराच अवलंबून असतो, असे 1960 नंतरच्या प्रयोगांवरून दिसते.

प्राचीन उल्लेख : चरकसंहितेच्या विमानस्थानात, पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरी चिंता, शोक, भय, क्रोध, कष्टदायक शय्या व जागरण यांमुळे ते पचत नाही, असे सांगितले आहे. जेवताना बोलू-हसू नये, मन जेवणात ठेवावे, असाही नियम तेथे आहे. चिकित्सास्थानात अरोचकाच्या (तोंडाला चव नसण्याच्या) पाच प्रकारांपैकी एक मानसिक कारणांचा, तर अतिसाराच्या सहा प्रकारांपैकी दोन अनुक्रमे भय व शोक यांपासून होणारे मानले आहेत. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार येतात. तेथील मांडणी कोणत्या स्वभावाच्या माणसाला कोणता आहार प्रिय असतो, अशी आहे. आहारामुळे स्वभाव घडतो असा तिचा अर्थ पुढे रूढ झाला.

जठरातील प्रत्यक्ष निरीक्षणे : भावनेचा पचनेंद्रियांवरील परिणाम डोळ्यांनी पाहण्याची संधी वैद्यकाला अपघातानेच मिळाली. 6 जून 1822 रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन या फ्रेंच-कॅनेडियन नावाड्याला जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरापर्यंत गेलेले भोक कायमचे उघडे राहिले. लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट यांनी 1825 पासून रेशमी दोऱ्याला मांस, पाव व कोबीचे तुकडे बांधून ते या भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले. सेंट मार्टिन या प्रयोगांना कंटाळून चिडत असे. त्याच्या रागाच्या व भीतीच्या वेळी जठराचे अस्तर कधी लाल व कोरडे, तर कधी फिकट व ओलसर होते आणि तीव्र संतापात जठरात पित्त येते, असे बोमाँट यांनी 1833 च्या आपल्या ग्रंथात नोंदवले.

वॉल्टर कॅनन यांनी 1890 नंतरच्या दशकात, नव्यानेच सापडलेल्या क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराच्या जठराच्या हालचाली पाहिल्या. मांजर बिथरले की लाटांसारखे आकुंचन थांबे आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होई. वेदना, भूक, भय व क्रोध यांतील शारीरिक बदलांवरील त्यांचा ग्रंथ 1915 मध्ये आला.

न्यूयॉर्कमध्ये स्ट्यूअर्ट वुल्फ व हॅरल्ड वुल्फ यांनी ‘टॉम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाचा केलेला अभ्यास (1943 मध्ये प्रसिद्ध) सर्वांत तपशीलवार होय. लहानपणी उकळते सूप प्याल्याने टॉमची अन्ननलिका बंद झाली होती. तो अन्न चावून चव घेई आणि मग पोटावर केलेल्या छिद्रातून जठरात सोडी. प्रयोगशाळेतच तो साफसफाईचे काम करी. एकदा एक डॉक्टर खोलीत येऊन, स्वतःशीच शिव्या घालत, खणांतून महत्त्वाचे कागद शोधू लागले. ते कागद आवराआवरीत टॉमकडूनच आदल्या दिवशी इकडेतिकडे झाले होते. नोकरी जाईल या धास्तीने तो गप्प, निश्चल राहिला. त्याच्या चेहऱ्याबरोबर जठराचे अस्तरही पांढरे पडले आणि कागद सापडून डॉक्टर निघून जाईपर्यंत, सुमारे पाच मिनिटे, तसेच राहिले. याउलट, राग मनात धुमसत असे तेव्हा अस्तर लालबुंद होऊन अम्लस्राव वाढे. हे सर्व निष्कर्ष मोजक्याच व्यक्तींवरील असले तरी त्यांचे मोल मोठे आहे. मनःस्थितीचा माग शरीरात थेट घेता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

शारीरिक यंत्रणा : अचानक आलेल्या भीतीत अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होते, ॲड्रेनॅलिन स्रवते, रक्तप्रवाह पचनेंद्रियांकडून स्नायूंकडे वळतो आणि भूक दबते. ताण लांबला की अधिवृक्क ग्रंथींतील कॉर्टिसॉलाचे प्रमाण वाढलेले राहते. हे संप्रेरक भूक वाढवणारे असून गोड व स्निग्ध पदार्थांकडे ओढा निर्माण करते, असे प्रामुख्याने उंदरांवरील प्रयोगांतून दिसले आहे. परीक्षेच्या दिवशी सकाळी पोहे समोर तसेच राहतात आणि अभ्यासाच्या दीर्घ काळात मात्र चिवड्याचा डबा रिकामा होतो, या नेहमीच्या अनुभवाशी ही मांडणी जुळते. भुकेशी संबंधित लेप्टिन (1994) व घ्रेलिन (1999) या संप्रेरकांच्या शोधानंतर हे चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले. कर्बोदकांमुळे मेंदूतील सेरोटोनिन वाढून मन शांत होते, ही कल्पना लोकप्रिय असली तरी जेवणात थोडी प्रथिने असली की तो परिणाम ओसरतो; त्यामुळे रोजच्या आहाराला ती कितपत लागू पडते, याविषयी मतभेद आहेत.

मानसशास्त्रीय उपपत्ती : हिल्डा ब्रुक (1904–1984) यांच्या मते, मूल कोणत्याही कारणाने रडले तरी आई त्याला खायलाच देत गेली, तर भूक व इतर अस्वस्थता यांतला फरक ओळखायला ते शिकत नाही. ही मांडणी उपचारांतील अनुभवावर आधारलेली आहे.

स्टॅन्ली शॅक्टर व सहकाऱ्यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना बिस्किटांची चव पारखण्याचे काम दिले आणि त्यांच्यापैकी काहींना विजेचा धक्का बसणार असल्याची भीती घातली. सामान्य वजनाच्या विद्यार्थ्यांनी भीतीत कमी बिस्किटे खाल्ली. स्थूल विद्यार्थ्यांच्या खाण्यात मात्र लक्षणीय घट झाली नाही. त्यांचे खाणे पोटातील संवेदनांपेक्षा समोर दिसणाऱ्या अन्नावर चालते, असा निष्कर्ष शॅक्टर यांनी काढला. स्थूल व सडपातळ अशी सरळ विभागणी पुढे टिकली नाही.

पीटर हर्मन, जेनेट पोलिव्ही व सहकाऱ्यांनी तिच्या जागी संयमाची कल्पना आणली. वजनाच्या काळजीने सतत मोजूनमापून खाणारे ते ‘संयमित’. 1975 च्या एका प्रयोगात सहभागी विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक देऊन मग हवे तेवढे आइसक्रीम खाऊ दिले. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्या विद्यार्थिनींनी मिल्कशेकनंतर आइसक्रीम कमी खाल्ले. संयमित विद्यार्थिनींनी मात्र अधिक. नियम एकदा मोडला की उरलेला संयमही सुटतो. चिंतेचाही असाच परिणाम आढळला : मोकळेपणाने खाणाऱ्यांचे खाणे चिंतेत घटले, संयमितांचे घटले नाही, उलट किंचित वाढले. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीतील निरीक्षण याच जातीचे आहे.

मापन : खाण्याच्या या सवयी मोजण्यासाठी अल्बर्ट स्टंकर्ड व सॅम्युएल मेसिक यांची 51 प्रश्नांची (1985) आणि तात्याना व्हान श्ट्रीन व सहकाऱ्यांची 33 प्रश्नांची डच प्रश्नावली (1986) प्रचलित आहेत. दुसरीतील 13 प्रश्न भावनिक खाण्याविषयी आहेत. स्वतःविषयी दिलेली उत्तरे आणि प्रत्यक्ष खाणे यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही.

आहाराचा मनावरील परिणाम : मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांनी 1944–45 मध्ये 36 तरुणांवर केलेला उपासमारीचा प्रयोग या बाबतीत आधारभूत मानतात. ते सर्व युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे, निरोगी व मनाने स्थिर स्वयंसेवक होते. 24 आठवड्यांच्या अपुऱ्या आहारात त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. ते चिडखोर व उदास झाले, विनोद व मैत्री यांतला त्यांचा रस संपला. पाककृतींची पुस्तके वाचणे व ताट चाटून पुसून घेणे सुरू झाले. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही काही काळ काहींचे पोट भरल्यासारखे होत नसे. हे निष्कर्ष दोन खंडांत 1950 मध्ये प्रसिद्ध झाले. आवडीचे पदार्थ खाल्ल्याने मनाला उभारी येते, हा समज मिनेसोटा विद्यापीठातच 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पडताळण्यात आला. खिन्न करणारी दृश्ये पाहिल्यावर आवडीचा पदार्थ, दुसरा पदार्थ किंवा काहीच न मिळालेल्यांची मनःस्थिती जवळपास सारखीच सुधारली.

विकृती : क्षुधानाशाचे (ॲनोरेक्सिया नर्व्होसाचे) वर्णन विल्यम गल व शार्ल लासेग यांनी 1873 च्या सुमारास स्वतंत्रपणे केले, बुलिमियाचे (भरमसाट खाऊन ते ओकून किंवा अन्य मार्गाने बाहेर टाकण्याच्या विकाराचे) जेराल्ड रसेल यांनी 1979 मध्ये. अनियंत्रित अतिभोजनाला अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात 2013 मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले.

महाराष्ट्रातील रूढी : दुःखात भूक मरते, हे रूढीने गृहीत धरले आहे. अनेक समाजांत मृत्यू झालेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारी किंवा आप्त पिठलं-भात आणतात आणि कोणीतरी वडीलधारी बाई शेजारी बसून ‘दोन घास तरी खा’ म्हणत घरच्यांना जेवू घालते. सुतकात गोडधोड वर्ज्य असते; तेराव्याला गोडाचे जेवण करून ते बंधन सुटते. आनंदात याउलट पेढे वाटून दुसऱ्याचे तोंड गोड करतात. गर्भारपणीचे डोहाळे पुरवणे कर्तव्य मानले असून डोहाळजेवण हा त्याचा समारंभ होय. रुसून ताटावरून उठणे ही घरातील नाराजीची सर्वपरिचित खूण आहे. या रूढींत किती खावे व केव्हा खावे हे एकट्या व्यक्तीवर सोडलेले नसते.

उपचार : ठरल्या वेळी पुरेसे जेवण, खाण्याच्या व मनःस्थितीच्या नोंदी आणि बोधात्मक वर्तनोपचार यांचा उपयोग करतात. केवळ खाणे कमी करण्यावर भर दिल्यास संयम सुटून खाणे वाढण्याचा संभव असतो.