सीराफचा साग

इराणच्या आखातावर, अलीकडेपर्यंत ज्यास ताहिरी म्हणत त्या गावापाशी, डोंगर समुद्रास इतका भिडला आहे की मध्ये उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत शेती पिकावी एवढी माती नाही. आणि तरीही नवव्या-दहाव्या शतकांत ज्या बंदराचे नाव बसऱ्यापासून चीनपर्यंतच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी असे, ते सीराफ याच पट्टीवर वसले होते. दहाव्या शतकातील भूगोलकार इस्तख्री सांगतो की विस्ताराने व वैभवाने हे शहर शिराझच्या तोडीचे होते, घरे कित्येक मजली असून सागाची व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेल्या लाकडाची होती, आणि एका व्यापाऱ्याने तर केवळ आपल्या वाड्यावर तीस हजार दीनार खर्ची घातले. ज्या मुलखात वृक्षाची छाया दुर्मीळ, तेथे लाकडाचे वाडे!

1966 ते 1973 या काळात पुरातत्त्वज्ञ डेव्हिड व्हाइटहाउस यांच्या देखरेखीखाली येथे उत्खनन झाले. जामा मशीद ज्या उंच चौथऱ्यावर उभी होती त्याच्या भरावात नाणी मिळाली, त्यांतील सर्वांत अलीकडचे 803-04 सालचे. आणि त्याच भरावात चिनी बनावटीच्या रांजणांची झिलईदार खापरे सापडली. मला ही खापरे नाण्यांहून अधिक बोलकी वाटतात. रांजण फुटला, कोणी तो टाकून दिला, आणि प्रार्थनास्थळाच्या पायाखाली तो दगडमातीबरोबर दडपला गेला. इतक्या दूरची वस्तू केरात जावी, इतकी ती येथे नित्याची झाली होती.

या व्यापाराचे दुसरे टोक आपल्या अंगणात आहे. अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे 916 च्या सुमारास, सैमूरास, आपल्या चौलास, आला तेव्हा राष्ट्रकूटांचा मांडलिक शिलाहार राजा झंझ याचा तेथे अंमल होता, आणि सीराफ, ओमान, बसरा व बगदाद येथील लोक धरून सुमारे दहा हजार मुसलमान तेथे राहत होते. त्यांच्या प्रमुखास हुनरमन म्हणत आणि त्यांच्या कारभाराचा निवाडा तोच करी. सीराफच्या वाड्यांतला साग याच बाजूचा. सागास अरबीत साज म्हणतात, आणि तो शब्द संस्कृत शाक या शब्दापासून, आपल्या सागाच्याच मुळापासून, निघाला असे भाषाविद मानतात; मालाबरोबर त्याचे नावही गलबतावर चढले होते.

977 च्या सुमारास भूकंपाने सीराफ सात दिवस हादरत राहिले, लोक समुद्राकडे धावले. भूगोलकार मुकद्दसीने कारण विचारले तेव्हा रहिवाशांनी आपल्यातील व्यभिचार व व्याजबट्टा यांकडे बोट दाखविले. भूकंपाने मात्र शहर मेले नाही: 1140 मध्ये निवर्तलेला सीराफी सावकार रामिश्त एवढा धनाढ्य होता की त्याने काब्यास चिनी वस्त्राचे आच्छादन अर्पण केले. शहर मेले ते व्यापाराचे मार्ग बदलल्याने. माल तांबड्या समुद्राने मिसरकडे वळला आणि आखातातील उरलेली जकात कीश बेटाने गिळली.

तेराव्या शतकाच्या आरंभी भूगोलकार याकूत सीराफला आला, तेव्हा वस्ती मूठभर दरिद्री माणसांची उरली होती. पण मशिदीचे सागवानी खांब त्याला उभे दिसले.